बसायला जागा द्या : राज्यातील विद्यापीठांच्या कुलगुरूंना खुले पत्र

प्रति,
राज्यातील सर्व सार्वजनिक विद्यापीठांचे मा. कुलगुरू,

सविनय नमस्कार.

मी आपल्यापैकीच एका विद्यापीठात समाजशास्त्रात पीएचडी करते आहे. विद्यापीठाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. सेमिनार-परिषदांच्या निमित्ताने गेल्या चार वर्षांत इतर विद्यापीठांतले जे संशोधक भेटले, त्यांच्याकडूनही थोड्याफार फरकाने हीच कहाणी ऐकली आहे. माझा विषय आठवडी बाजारांचा. मंगळवेढा आणि सांगोला तालुक्यांतल्या बाजारांत भाजी, लसूण-मिरची, बांगड्या, सुकी मासळी विकणाऱ्या बायका उधारीचा हिशेब कसा ठेवतात, कुणाला विश्वासावर माल देतात आणि कुणाला द्यायचं थांबवतात, हे मी शोधते. माझं गावही तिकडचंच, मालदांडी ज्वारीच्या पट्ट्यातलं. आमच्या घरात पदवीपर्यंत पोचलेली मी पहिली. प्रबंध आता शेवटच्या टप्प्यात आहे, येत्या काही महिन्यांत सादर होईल. त्यानंतर विद्यापीठाशी माझा रोजचा संबंध उरणार नाही, म्हणून आत्ताच लिहिते आहे.

प्राध्यापक भरती, फेलोशिपच्या जागा, अनुदान या गोष्टी मंत्रालयात ठरतात. त्यांसाठी आझाद मैदानावर उपोषणाला बसलेल्या माझ्या मित्रमैत्रिणींच्या मागण्या मला पूर्णपणे मान्य आहेत. पण कितीतरी गोष्टी आपल्या एका सहीने किंवा व्यवस्थापन परिषदेच्या एका ठरावाने होण्यासारख्या आहेत. या पत्रात मी त्याच मांडणार आहे.

नोंदणीचं पत्र हातात पडलं त्या दिवशी मी विभागात विचारलं, "मी कुठे बसायचं?" प्रश्न ऐकून विभागप्रमुख क्षणभर थांबले. ते मनाने चांगले आहेत, आजही माझी विचारपूस करतात. म्हणाले, "लायब्ररीत बसत जा." मी लायब्ररीत गेले. अभ्यासिकेत सकाळी साडेसहालाच खुर्च्यांवर बॅगा ठेवलेल्या होत्या. एमपीएससी, यूपीएससी, बँकेच्या परीक्षा, तलाठी भरती. त्या मुलांविषयी माझी काही तक्रार नाही. त्यांनाही बसायला दुसरी जागा नाही. पण त्यांचं काम एका पुस्तकावर आणि एका वहीवर चालतं. माझ्याजवळ सतरा फील्ड डायऱ्या, मुलाखतींचे कागद, लॅपटॉप, रेकॉर्डर असं सगळं असतं. कागद पसरल्याशिवाय काही सुचत नाही. आणि बाजारातल्या मावश्यांचे फोन दुपारी दोनला, गिऱ्हाईक कमी झालं की येतात. अभ्यासिकेत ते घेता येत नाहीत.

पहिले आठ महिने मी कॅन्टीनमध्ये, विभागाच्या पायऱ्यांवर, सेमिनार हॉल रिकामा असेल तर तिथे बसून काम केलं. येईन त्या दिवशी सगळं सामान पाठीवर घेऊन यायचं आणि संध्याकाळी परत न्यायचं. एका दुपारी आमच्या विभागातल्या शिपाई मामांनी मला हाक मारली. स्टोअररूममधून त्यांनी एक जुनं लाकडी टेबल काढलं होतं. त्याचा एक पाय आखूड होता, त्याखाली त्यांनी पुठ्ठ्याची घडी सरकवली आणि टेबल सेमिनार हॉलबाहेरच्या कोपऱ्यात लावलं. "मॅडम, इथं बसा. वरचा पंखा चालू आहे आणि ड्रॉवरला कुलूप लागतंय." माझी पीएचडी खरी त्या दिवशी सुरू झाली, असं मी मानते.

त्या टेबलाने मला काय काय दिलं ते सविस्तर सांगते, कारण पत्राचा मुख्य मुद्दा तोच आहे.

सेमिनार हॉलकडे येणाराजाणारा प्रत्येक जण माझ्या टेबलावरून जायचा. अर्थशास्त्राचे एक पाहुणे प्राध्यापक व्याख्यानाआधी दहा मिनिटं थांबले, पसरलेले कागद बघून "हे काय आहे?" म्हणाले, आणि ग्रामीण पतपुरवठ्यावरची चार नावं लिहून देऊन गेले. माझ्या प्रबंधाचं तिसरं प्रकरण त्या चार नावांवर उभं आहे. एका सीनियर ताईंनी 'आविष्कार'बद्दल सांगितलं. राज्यातल्या विद्यापीठांची ही आंतरविद्यापीठ संशोधन स्पर्धा 2006पासून भरते आणि तिच्यात पदव्युत्तर आणि पीएचडीच्या विद्यार्थ्यांचे वेगळे गट असतात, हे मला तोपर्यंत माहीत नव्हतं. मी पोस्टर केलं. निवड पुढे गेली नाही, पण परीक्षकांनी विचारलेल्या दोन प्रश्नांमुळे मी परत बाजारात जाऊन वीस मुलाखती नव्याने घेतल्या. फेलोशिपची जाहिरात, परिषदेची मुदत, दुसऱ्या विद्यापीठातली कार्यशाळा, कोणत्या प्रकल्पात क्षेत्रीय अन्वेषक हवा आहे, हे सगळं मला त्या कोपऱ्यात कळलं.

टेबल मिळण्याआधीची गोष्ट वेगळी होती. पहिल्या वर्षी वसतिगृहात जागा मिळाली नाही. शहरात कॉट बेसिसवर राहायला पैसे नव्हते, म्हणून मी गावाहून ये-जा करायचे. आठवड्यातून दोनदा, एसटीने. (मार्च 2023मध्ये महिलांना एसटीत अर्धं तिकीट झालं, तेव्हा माझं फील्डवर्क खूप सोपं झालं. ज्यांनी तो निर्णय घेतला त्यांचे आभार.) त्या वर्षी ज्या फेलोशिपला मी पात्र होते, तिची जाहिरात मला मुदत संपल्यावर चार दिवसांनी कळली. वेबसाइटवर ती होतीच. विभागातल्या मुलांनी एकमेकांना सांगून अर्ज भरले होते. मी तिथे नव्हते, एवढंच.

आपण 'संधी' म्हणतो तेव्हा आपल्या डोळ्यांसमोर प्लेसमेंट सेल, करार, परिपत्रकं येतात. 'कॅम्पस जीवन' म्हटलं की गॅदरिंग, युवा महोत्सव, क्रीडांगण. विद्यापीठाच्या अंदाजपत्रकातही या दोन गोष्टींची शीर्षं वेगवेगळी असतात. माझा अनुभव असा आहे की पदव्युत्तर पातळीवर या दोन्ही एकच आहेत. ज्याला आवारात राहता येतं, बसता येतं, चार माणसांच्या कानावर आपलं काम घालता येतं, त्यालाच संधी मिळते. ज्याला तास संपला की साडेपाचची गाडी गाठावी लागते त्याला ती मिळत नाही, मग तो कितीही हुशार असो. आणि साडेपाचची गाडी कोणाला गाठावी लागते, हे मी आपल्याला सांगायला नको.

आपल्या राज्याला ही गोष्ट नवी नाही. कोल्हापुरात शाहू महाराजांनी बहुजनांच्या शिक्षणाचा विचार केला तेव्हा त्यांनी वसतिगृहांना हात घातला. व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग 1901मध्ये उभं राहिलं, आणि पुढच्या वीस वर्षांत जातीजातींची इतकी वसतिगृहं निघाली की कोल्हापूरला वसतिगृहांची जननी म्हणू लागले. साताऱ्यात कर्मवीर भाऊराव पाटलांनी 1924मध्ये छत्रपती शाहू बोर्डिंग काढलं, सगळ्या जातींच्या मुलांना एका पंगतीत बसवलं. आधी राहायची आणि जेवायची सोय, मग शाळा, असा त्यांचा क्रम होता. मुलगा शिकायचा असेल तर त्याला घरापासून दूर कुठेतरी अंथरूण हवं, हे त्यांना अगदी स्वच्छ दिसत होतं.

आणि बाबासाहेब. 1913मध्ये सयाजीरावांच्या शिष्यवृत्तीवर ते कोलंबिया विद्यापीठात गेले, दरमहा साडेअकरा पौंड, तीन वर्षांसाठी. शिष्यवृत्तीची गोष्ट आपण सगळे सांगतो. खोलीची गोष्ट कमी सांगितली जाते. तिथल्या वसतिगृहात त्यांची गाठ नवल भथेना या पारशी विद्यार्थ्याशी पडली, दोघे एकत्र राहिले आणि आयुष्यभराचे मित्र झाले. 1920मध्ये अर्धवट राहिलेलं शिक्षण पुरं करायला बाबासाहेब लंडनला निघाले, तेव्हा शाहू महाराजांनी मदत केली आणि याच भथेनांनी पाच हजार रुपये उसने दिले. त्याआधी 1916च्या मे महिन्यात, वयाच्या पंचविसाव्या वर्षी, बाबासाहेबांनी कोलंबियातल्या मानववंशशास्त्राच्या सेमिनारमध्ये भारतातल्या जातींवरचा निबंध वाचला. शिष्यवृत्ती, खोली, मित्र आणि ऐकून घेणारा सेमिनार. यातली एखादी गोष्ट काढून घेतली असती तर काय झालं असतं, याचा मी पुष्कळदा विचार करते.

आता वसतिगृहांविषयी. दुसऱ्या वर्षी मला खोली मिळाली तेव्हा आई-अण्णा दोघेही सोडायला आले होते. अण्णांनी खिडकी उघडून पाहिली, पंखा लावून पाहिला, आणि "आता काळजी नाही" म्हणाले. ती खोली मला दर उन्हाळ्यात रिकामी करावी लागली. परीक्षा संपल्या की वसतिगृह रिकामं करायचं, दिवाळीत मेस बंद, असा आमच्याकडचा नियम. हा नियम बीए-एमएच्या वेळापत्रकावर बेतलेला आहे. पीएचडीला उन्हाळी सुट्टी नसते. माझ्या बाजारांत तर एप्रिल-मे हाच लग्नसराईचा, सगळ्यात गर्दीचा हंगाम, आणि नेमकं तेव्हाच मला ट्रंक घेऊन मैत्रिणीच्या खोलीत जावं लागायचं. दोन वेळा दिवाळीत मी आठ दिवस पोहे आणि केळ्यांवर काढले. गावी गेले असते, पण प्रबंधाचं प्रकरण द्यायचं होतं आणि गावात त्या वेळी दिवसाचं सहा-सहा तास भारनियमन.

मागणी सोपी आहे. पूर्णवेळ संशोधकांसाठी वसतिगृहाचा एक मजला, नाहीतर एक विंग, बारा महिने चालू ठेवा. खोली वर्षावर्षाला नव्याने अर्ज करून देऊ नका. प्रबंध सादर होईपर्यंत, नियमात बसणाऱ्या मुदतीपर्यंत, द्या. सुट्टीत मेस चालवणं ठेकेदाराला परवडत नसेल तर निदान प्रत्येक मजल्यावर एक स्वयंपाकाची जागा, एक गॅस, एक फ्रीज असू द्या. बायका लग्नानंतरही संशोधन करतात, पुरुषही करतात. विवाहित संशोधकांसाठी चार-सहा खोल्या असाव्यात हे कोणत्याही विद्यापीठाला अशक्य नाही. आपल्या आवारांना जमिनीची कमतरता नाही. पुणे विद्यापीठाचं गणेशखिंडीतलं आवार चारशे एकरांवर आहे, कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाचं त्याच्या दुपटीच्या आसपास.

मुलींच्या वसतिगृहाच्या वेळेबद्दल थोडं सविस्तर लिहिते, कारण हे बोलायला आमच्यातल्या अनेक जणी घाबरतात. मी तीस वर्षांची आहे. बाजारात पहाटे पाचला माल उतरतो, तो पाहायचा तर मला चारला निघावं लागतं. त्यासाठी मला वडिलांचं संमतीपत्र मागितलं गेलं. अण्णांना मराठी वाचता येतं, पण छापील अर्जावर सही करायला त्यांना तालुक्याच्या झेरॉक्सच्या दुकानात जावं लागलं. माझ्याच वयाच्या मुलांच्या वसतिगृहात असा अर्ज नाही. सुरक्षिततेचं कारण देऊन मुलींवर मुलांपेक्षा वेगळे नियम लादू नयेत, असं विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2015च्या, लैंगिक छळ प्रतिबंधाच्या नियमावलीत स्पष्ट लिहिलं आहे. ती नियमावली प्रत्येक विद्यापीठाला लागू आहे. तेव्हा ग्रंथालय रात्री अकरापर्यंत उघडं आणि मुलींचं गेट साडेनऊला बंद, हे चालू ठेवण्यासाठी कुणाकडेही कायद्याचा आधार नाही. आवारात दिवे लावा, ग्रंथालय ते वसतिगृह रात्रीची एक बस फिरवा. आम्ही आमची काळजी घेतो. रस्ता मात्र विद्यापीठाचा आहे.

पैशांचा विषय टाळता येत नाही. डिसेंबर 2023मध्ये नागपूरच्या हिवाळी अधिवेशनात, पीएचडी करून ही मुलं काय दिवे लावणार, असा सूर ऐकू आला होता. तो शब्द मला फार लागला. बार्टी, सारथी, महाज्योती या राज्य सरकारच्या संस्थांच्या फेलोशिपमुळे ज्यांच्या घरात कधी कुणी विद्यापीठाची पायरी चढलं नव्हतं अशी मुलंमुली आज संशोधन करत आहेत. नेट या राष्ट्रीय पात्रता परीक्षेतून जेआरएफ, म्हणजे कनिष्ठ संशोधन फेलोशिप, मिळालेल्यांना 1 जानेवारी 2023पासून दरमहा 37 हजार रुपये मिळतात, वरिष्ठ फेलोशिपला 42 हजार. ही रक्कम एका माणसाला शहरात राहून काम करायला पुरते. अडचण येते ती तारखेची. माझी फेलोशिप दोनदा सात-सात महिने अडकली. त्यातले काही महिने निधी नव्हता म्हणून गेले, ते आपल्या हातात नाही. पण काही महिने माझा सहामाही प्रगती अहवाल आमच्याच विद्यापीठात एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर जायला लागले. मार्गदर्शकांची सही, विभागप्रमुखांची सही, मग पीएचडी विभाग, मग कुलसचिव कार्यालय. एका सहीसाठी मी अकरा चकरा मारल्या. त्या काळात मेसचे पैसे मला एका मावशींनी उसने दिले. त्याच माझ्या संशोधनातल्या मावशी, ज्यांच्या उधारीच्या हिशेबावर मी लिहिते आहे. माझ्यासाठी त्यांनी वहीचं एक पान उघडलं.

फेलोशिपच्या कागदांसाठी विद्यापीठात कमाल सात दिवसांची मुदत ठरवा. सही होऊ शकत नसेल तर का, हे लेखी कळवा. आणि ज्यांची फेलोशिप मंजूर आहे पण रक्कम आलेली नाही, त्यांना विद्यापीठाने स्वतःच्या निधीतून चार-पाच महिन्यांची उचल द्यावी, रक्कम आली की वळती करावी. पगारी माणसाला सणाची उचल मिळते, तशीच ही.

मग उरतात ते, ज्यांना कोणतीच फेलोशिप नाही. केंद्रीय विद्यापीठांत नेट नसलेल्या पीएचडी विद्यार्थ्यालाही दरमहा आठ हजार रुपये मिळतात. 2015मध्ये ही योजना बंद होणार म्हणताच दिल्लीत आयोगाच्या दारात मुलं येऊन बसली, आणि ती टिकली. राज्य विद्यापीठांतल्या विद्यार्थ्यांना ती कधी लागूच नव्हती. आठ हजार ही आज काही मोठी रक्कम नाही, पण ती नसल्याने माझे दोन वर्गमित्र पूर्णवेळ नोंदणी करून प्रत्यक्षात दिवसभर दुसरी कामं करतात: एक खासगी क्लासमध्ये शिकवतो, दुसरा रात्री पार्सलच्या गोदामात असतो. आयोगाच्या 2022च्या पीएचडी नियमावलीने आपल्याला एक वाट दिली आहे. संशोधकाला आठवड्याला चार ते सहा तास अध्यापन-संशोधन साहाय्याचं काम देता येतं. ट्यूटोरियल, प्रात्यक्षिक, मूल्यमापन. विभागांत जागा रिक्त आहेत, तास पडून आहेत, आणि हे काम आम्ही आजही करतोच. फक्त ते 'जरा बघ गं' म्हणून करतो. ते नियमाने द्या, त्याचे पैसे द्या, आणि शेवटी अनुभवाचं पत्र द्या. पुढे मुलाखतीला तेच पत्र लागतं.

एमएच्या मुलामुलींबद्दलही लिहायला हवं. नव्या शैक्षणिक धोरणाप्रमाणे आपल्याकडे 2023-24पासून पदव्युत्तर अभ्यासक्रमात ओजेटी आली, म्हणजे प्रत्यक्ष कामाच्या ठिकाणी प्रशिक्षण, चार श्रेयांकांचं. कल्पना मला मनापासून आवडली. पण वाणिज्य आणि संगणकाच्या मुलांना कुठे जायचं ते माहीत असतं, मराठी, इतिहास, समाजशास्त्र, तत्त्वज्ञानाच्या मुलांना विभाग सांगतो, "तुमचं तुम्ही शोधा." मग कुणी काकांच्या पतसंस्थेचं पत्र आणतं, कुणी ओळखीच्या शाळेचं. चार श्रेयांक मिळतात, हाती काही लागत नाही. आणि खरं तर या विषयांना महाराष्ट्रात किती जागा आहेत! पुराभिलेखागारांच्या पुण्या-कोल्हापुरातल्या शाखांत मोडी लिपीतल्या कागदांचे रुमाल, म्हणजे गठ्ठे, वाचणाऱ्यांची वाट पाहत पडून आहेत. पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ आणि भांडारकर संस्था, धुळ्यात राजवाडे संशोधन मंडळ, वाईला विश्वकोश मंडळ. आकाशवाणीची केंद्रं. कितीतरी तालुक्यांत शंभर वर्षांच्या आसपासची सार्वजनिक वाचनालयं, ज्यांचे दुर्मीळ अंक वाळवी खाते आहे. जिल्हा परिषदा, ग्रामपंचायतींची कुटुंब सर्वेक्षणं. ऑक्टोबर 2024मध्ये मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. ते काम करायला हात लागणार आहेत, आणि ते हात आपल्याच वर्गांत बसले आहेत. एकट्या विद्यार्थिनीने जाऊन दार ठोठावलं तर वॉचमनच परत पाठवतो. कुलगुरूंच्या सहीचं पत्र गेलं, वर्षाला दहा मुलं घेण्याचा करार झाला, तर तेच दार उघडतं.

भाषेची गोष्ट दोन ओळींत संपणारी नाही, पण थोडक्यात सांगते. माझं एमए मराठी माध्यमातून झालं. सेट ही राज्याची पात्रता परीक्षा मराठीतून देता आली, नेट द्यायची तर इंग्रजी किंवा हिंदी. प्रबंध मी मराठीत लिहिते आहे, त्याचा मला अभिमान आहे. पण आंतरराष्ट्रीय परिषदेला गोषवारा पाठवायचा, परदेशातल्या शिष्यवृत्तीला निवेदन लिहायचं, तर ते कसं लिहितात हे मला कुणी शिकवलं नाही. कोर्सवर्कमध्ये संशोधन पद्धती झाली, संशोधनातली नैतिकता झाली. लेखन झालं नाही. प्रत्येक विद्यापीठात एक लेखन केंद्र काढा, जिथे आठवड्यातून एकदा कुणीतरी माणूस बसून आमचं पान आमच्यासमोर वाचेल. इंग्रजी आणि मराठी, दोन्ही. चांगलं मराठी गद्य लिहिणंही शिकावं लागतं, आणि ते आम्हाला येतंच असं धरून चालण्यात आमचं नुकसान झालं आहे.

याला जोडूनच एक. केंद्र सरकारच्या 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन' योजनेतून 1 जानेवारी 2025पासून तीस प्रकाशकांची सुमारे तेरा हजार नियतकालिकं सरकारी उच्च शिक्षण संस्थांना खुली झाली. राज्य विद्यापीठांनाही. ज्या लेखांसाठी मी कधी दिल्लीतल्या मैत्रिणीला रात्री अकराला मेसेज करायचे, ते आता माझ्याच ग्रंथालयातून मिळतात. मला हे कळलं ते सहा महिन्यांनी, पुन्हा त्या टेबलापाशीच. नव्या विद्यार्थ्यांना पहिल्या आठवड्यात ग्रंथपालांनी एक तास बसवून लॉगिन करून दाखवलं, तर सहा महिने वाया जाणार नाहीत.

तक्रारींबद्दल. पीएचडीत मार्गदर्शक आणि विद्यार्थी यांचं नातं चांगलं असेल तर त्यासारखं सुख नाही. माझं तसं आहे, मॅडमनी माझ्या डायऱ्याही वाचल्या. ते बिघडलं तर मात्र विद्यार्थ्याला जायला जागा नसते, कारण सही त्याच हाताची. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2023च्या नियमावलीने प्रत्येक विद्यापीठात विद्यार्थी तक्रार निवारण समिती आणि वर लोकपाल नेमायला सांगितलं आहे, तक्रारीवर समितीने पंधरा कामकाजाच्या दिवसांत अहवाल द्यायचा आहे. त्या समितीवर कोण आहे, ते विभागाच्या दारावर लिहा. माझ्या एका मैत्रिणीने बाळंतपणाची रजा मागितली तेव्हा कार्यालयात तिला 'पीएचडीला रजा नसते' असं सांगितलं गेलं. 240 दिवसांची रजा नियमात आहे. ती बाळ पोटात असताना स्वतः छापील नियम घेऊन तीन मजले चढली.

आणि विद्यार्थी परिषद. 2016च्या सार्वजनिक विद्यापीठ कायद्याने खुल्या निवडणुका परत आणल्या, त्याला आता बरीच वर्षं झाली, निवडणुका झालेल्या नाहीत. त्या घ्या. तोवर निदान प्रत्येक विभागातून एक संशोधक आणि एक एमएचा विद्यार्थी निवडून, वर्षातून दोनदा आपण स्वतः त्यांच्यासोबत दोन तास बसा. अजेंडा आम्ही तयार करू. चहाही आम्ही आणू.

मला माहीत आहे की आपल्यासमोर नॅकच्या मूल्यांकनाची मुदत आहे, रखडलेले निकाल आहेत, निम्म्या विभागांत दोन-दोन शिक्षक आहेत. आपल्यापैकी अनेक जण स्वतः वसतिगृहात राहून, कमवा आणि शिका योजनेत काम करून शिकलेले आहेत. म्हणूनच हे पत्र मी आपल्याला लिहिण्याचं धाडस केलं. येत्या जूनला नव्या नोंदण्या होतील. त्याआधी एकदा प्रत्येक विभागाला विचारा: तुमच्याकडे पूर्णवेळ संशोधक किती, आणि त्यांना बसायला टेबलं किती? हे दोन आकडे शेजारी-शेजारी लिहून मागवा. बाकीचं पुढे बोलता येईल.

माझं टेबल मी गेल्या आठवड्यात प्रथम वर्षाच्या एका मुलीला दिलं. ती जतहून येते, तिला अजून खोली मिळालेली नाही. ड्रॉवरची किल्ली दिली, पुठ्ठ्याची घडी बदलली. मामा आता निवृत्त झाले आहेत. तिच्याबरोबर आमच्या विभागात आणखी सहा जणांची नोंदणी झाली आहे, आणि स्टोअररूममध्ये दुसरं टेबल नाही. मी पाहून आले.

कळावे,

आपली विश्वासू,
एक संशोधक विद्यार्थिनी,
समाजशास्त्र विभाग